बोटीला रंगाचा एक हात

साहेब तपासणीला येणार असं कळलं की काही माणसं रजेचा अर्ज टाकतात, काहींचं पोट बिघडतं. दाजी रंगाचा डबा उघडत.

सरकारी इमारतींच्या देखभाल खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्या खात्याचा एक अलिखित नियम होता. छत गळत असलं तर गळू दे, पण साहेब येतील त्या दिवशी त्याला ताजा रंग हवा. छत दुरुस्त करायला मंजुरी लागते, रंग द्यायला फक्त ब्रश लागतो. या नियमावर दाजींनी अनेक साहेब आले तसे परत पाठवले होते आणि निवृत्तीनंतरही नियम सोडला नव्हता. घरात जी वस्तू हलत नाही, तिला वर्षाकाठी रंगाचा एक हात मिळे. काही वस्तू आधी हलत असत आणि हात मिळाल्यावर हलायच्या बंद होत. स्वयंपाकघरातली खिडकी ही अशांपैकीच एक. ती उघडायची म्हणजे त्यांची बायको, ताई, फटीत सुरी घालून ती पाव इंचभर सैल करत, मग खांदा लावत, मग दाजींच्या नावाने दोन शब्द बोलत. तिसऱ्या शब्दाला खिडकी उघडे. त्या सुरीचं टोक त्या कामात कायमचं वाकलं होतं.

तर दाजींची बोट बांधलेली असे त्या धक्क्याच्या ऑफिसातून नोटीस आली. तलावाच्या धक्क्यावर बंद पडलेल्या बोटी जागा अडवून बसल्या आहेत, तरी तपासणीच्या दिवशी जी बोट स्वतःच्या इंजिनावर धक्का सोडून परत येणार नाही, ती भंगार समजून ओढून नेण्यात येईल आणि तिची जागा पुढच्या अर्जदाराला देण्यात येईल. दाजींनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, हिरवा डबा कुठे ठेवलास?"

पुढचा अर्जदार कोण, हे वेगळं सांगायला नको होतं. तो ताईंचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात त्याचं नाव छोटूच. छोटूने नवी झगझगीत मोटरबोट घेतली होती आणि ती ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती.

"दाजी, राग मानू नका," छोटू म्हणाला. राग येईल असं बोलायचं असलं की तो अशीच सुरुवात करी. "बोट बाबांची होती हे मलाही माहीत आहे. पण जुन्या वस्तूला एकदा मोकळं करावं माणसाने. इंजिन आहे का तो खोकला?"

ही बोट ताईंच्या वडिलांची होती. ताई फ्रॉक घालत होत्या तेव्हा त्याच बोटीवर सुकाणू धरायला शिकल्या होत्या. त्या नोटिशीवर फक्त एकच वाक्य बोलल्या. "बाबांची बोट भंगारात गेली, तर मी तुम्हाला काही म्हणणार नाही."

ताई बोलतात तेव्हा घर कसं चालतं हे दाजींना ठाऊक होतं. ताई काही म्हणत नाहीत तेव्हा कसं चालतं, हेही एकदा त्यांनी अनुभवलं होतं.

म्हणून त्यांनी यंदाचा हात जरा जास्तच मन लावून दिला. एरवी बोटीला बाहेरूनच रंग मिळे. या वेळी छोटूच्या 'खोकल्या'चा घाव ताजा होता, म्हणून इंजिनाच्या पेटीचं झाकण काढून त्यांनी इंजिनही रंगवलं. उरकायचं म्हणून रंगवणारे तारांच्या भोवती भोवती ब्रश फिरवतात. दाजी त्यातले नव्हते. त्यांनी प्रत्येक तार सोडवली, तिच्याखालची जागा पुसली, तिथे दोन हात दिले, नीट वाळू दिले आणि मग तार परत तिथेच घट्ट आवळली. इंजिन नव्या नवरदेवासारखं दिसू लागलं. दाजींनी ऐटीत किल्ली फिरवली.

टक्.

बस्स. तेवढंच. गेल्या रविवारपर्यंत जी बोट खोकत का होईना चालू होत होती, ती आता जीभ टाळ्याला लावावी तसं एकदा 'टक्' म्हणून गप्प बसली.

इथे थोडं थांबून एक सोपी गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचा घोळ कळायला अडचण पडणार नाही. बोटीचं इंजिन आपण होऊन जागं होत नाही. त्याला आधी स्टार्टर नावाची एक छोटी मोटार गरागरा फिरवते, मग ते स्वतः चालू लागतं. त्या मोटारीला वीज मिळते बॅटरीतून. पण वीज ही फार घरगुती वृत्तीची असते. ती एका तारेने बाहेर पडते, काम करते आणि दुसऱ्या वाटेने बॅटरीत परत येते. परतीची वाट मोकळी नसेल तर ती घरातून निघतच नाही. शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलीची आई कशी विचारते, "जाशील खरी, पण येणार कशी?" अगदी तसं. आता पुढे जाऊ.

शेजारच्या जागेवर कॅप्टनची बोट होती. कॅप्टन आयुष्यभर विमा कंपनीत होते, पण बोट घेतल्यापासून पांढरी टोपी डोक्यावरून उतरली नाही, म्हणून कॅप्टन. त्यांनी 'टक्' ऐकलं आणि स्वतःच्या बोटीतून न उठताच निदान केलं.

"बॅटरी गेली."

"परवापर्यंत ठणठणीत होती हो."

"जाणारा माणूसही परवापर्यंत ठणठणीतच असतो, दाजी."

दाजी बॅटरी उचलून बॅटरीवाल्याकडे घेऊन गेले. ज्यांनी बॅटरी उचलली आहे त्यांना हे वाक्य वाचतानाही कंबर धरावी लागेल. बॅटरीवाल्याने यंत्र लावलं आणि म्हणाला, "फुल आहे, काका. अजून दोन वर्षं बघायला नको." दाजींनी ती परत आणली. कॅप्टन म्हणाले, बॅटरीवाल्यांची यंत्रं बॅटरीवाल्यांसारखीच असतात, त्यांच्यावर कसला विश्वास? मग दाजींनी नवी बॅटरी आणून लावली.

टक्.

"बघा, आवाजात फरक पडला," कॅप्टन म्हणाले.

फरक कसला पडला होता, हे फक्त कॅप्टनच्याच कानांना माहीत.

दुसरा सल्ला समोरच्या इमारतीतल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचा. त्यांचं म्हणणं होतं की किल्लीचं स्विच आतून झिजलेलं असणार. "थंड करणारं काय, पळणारं काय, यंत्राचं मूळ स्विचात असतं," असं ते म्हणाले आणि हे वाक्य दाजींना इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की त्यांनी नवं स्विच आणून स्वतःच बसवलं. जुन्या स्विचाला चार तारा होत्या. नव्या स्विचालाही चार जागा होत्या. कोणती तार कुठे, हे तारांच्या रंगावरून कळलं असतं. पण तारांनाही दाजींनी दिसायला एकसारख्या असाव्यात म्हणून हिरवा हात दिला होता.

किल्ली फिरवल्याबरोबर बोटीचा भोंगा वाजू लागला.

किल्ली मागे फिरवली, तरी तो वाजतच राहिला. किल्ली काढून खिशात ठेवली, तरी तो वाजत होता. तलावाकाठी बदकं होती, ती उडून गेली. एक आजोबा बाकावर डुलकी घेत होते, ते दचकून उठले आणि समोर दिसेल त्याला 'कुठे आग लागली?' म्हणून विचारू लागले. दाजी बोटीत पालथे पडून एकेक तार उपटत होते आणि कॅप्टन टोपी सावरून ओरडत होते, "लाल तार काढा! लाल!"

"सगळ्या हिरव्या आहेत!" दाजी आतून ओरडले.

भोंगा थांबला तेव्हा धक्क्याच्या ऑफिसातला कारकून समोर उभा होता. त्याने विनाकारण भोंगा वाजवल्याबद्दल समज दिली आणि वर विचारलं, "बोटीवर विजेचं काम चाललंय, त्याची परवानगी काढली का?"

"कशी मिळते परवानगी?"

"अर्ज द्या. सोबत बोट चालू स्थितीत असल्याचा दाखला जोडा."

"अहो, बोट चालू असती तर मी दुरुस्त कशाला केली असती?"

कारकुनाने दाजींकडे दयेने पाहिलं. वर्गात एकच मुलगा मागे राहिला की शिक्षक पाहतात तसं. "काका, बंद बोटीवर काम करायला परवानगी नाही. चालू बोटीवर काम करायला परवानगी आहे. तुमची बंद आहे का?"

आपण सरकारी माणूस होतो याचा दाजींना त्या क्षणी पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. अशी उत्तरं आपण लोकांना दिली, तेव्हा ती किती सयुक्तिक वाटली होती! ते म्हणाले, "नाही, चालू आहे. जरा झोपली आहे."

"मग ठीक," कारकून म्हणाला आणि गेला.

स्विचाच्या तारा कशाबशा जागेवर आल्या आणि 'टक्'ही परत आलं. तेवढ्यात छोटू आला. हा माणूस मदतीला येई तेव्हा हातात टेप असे. बोलता बोलता तो दाजींच्या बोटीच्या जागेची लांबी मोजून घेई.

"दाजी, राग मानू नका. बॅटरी चांगली, स्विच नवं, म्हणजे स्टार्टरच जळाला. आणि या इंजिनाला स्टार्टर मिळणार नाही आता. संग्रहालयात विचारून बघा."

"तू टेप खिशात ठेव आधी," ताई म्हणाल्या. त्या दाजींचा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या.

"अगं ताई, मी सहज..."

"सहज मोजायची असेल तर तुझी उंची मोज. वाढलास का ते बघू."

दाजींनी स्टार्टर सोडवला. सोडवताना एक बोल्ट इंजिनाखालच्या काळ्या पाण्यात पडला. तो शोधायला पाना आत घातला, तो पानाही पडला. दोघांना शोधायला चुंबक दोरीला बांधून सोडलं, ते इंजिनाच्या लोखंडाला असं चिकटलं की दोरीच हातात आली. शेवटी ताईंनी बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि बोल्ट, पाना आणि मागच्या वर्षी हरवलेला दाजींचा चष्मा बाहेर काढून ठेवला. अशा वेळी न बोलणंच शहाणपणाचं असतं, विशेषतः चष्म्याबद्दल.

गॅरेजवाल्याने स्टार्टर टेबलावर ठेवून दोन तारा लावल्या. स्टार्टर असा उसळला की टेबलावरून खाली उडी मारून दारापर्यंत गेला. गॅरेजवाला म्हणाला, "काका, याला काय झालंय? हा तर आपल्याला पळवेल."

दाजी त्या स्टार्टरकडे पाहत राहिले. बॅटरी चांगली. स्विच चांगलं. स्टार्टर चांगला. असं त्यांनी फक्त एकाच ठिकाणी पाहिलं होतं, ते म्हणजे त्यांच्या ऑफिसात. प्रत्येक टेबल आपलं काम चोख करतं, आणि काम होत नाही.

मात्र इतके हाल झालेला स्टार्टर तसाच काळा, तेलकट बोटीत बसवणं त्यांच्या जिवावर आलं. तपासणी तोंडावर आली होती. त्यांनी त्याला घासून पुसून, जिथे तो इंजिनाला टेकतो त्या तोंडासकट, छान हिरवा रंग दिला. सुकल्यावर बसवला. किल्ली फिरवली.

आता 'टक्'सुद्धा आलं नाही.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. दाजी इंजिनाशेजारी मटकन बसले. कॅप्टनने शेवटचा उपाय म्हणून स्वतःच्या बोटीवरून जाड्या तारा आणल्या. एक चिमटा बॅटरीला लावला, दुसरा इंजिनाच्या हिरव्यागार अंगाला. काही नाही. साधी ठिणगीसुद्धा उडाली नाही. कॅप्टनने टोपी काढली. दाजींनी त्यांचं डोकं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

"दाजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इंजिन गेलं."

त्या संध्याकाळी दाजींना दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी हातून होण्यासारखं एकमेव काम केलं. साहेब सकाळी येणार होते. त्यांनी बोटीतल्या बाकावर रंगाचा एक हात दिला.

तपासणीच्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी. साहेब उंच, कृश आणि आधीच कंटाळलेले दिसत होते. मागे कारकून. थोडं पुढे पाण्यात छोटूची नवी बोट गाणी लावून डुलत होती, सीट रिकामी होण्याची वाट बघत उभ्या राहिलेल्या प्रवाशासारखी.

"करा चालू," साहेब म्हणाले.

दाजींनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. हळू फिरवली, जोरात फिरवली, दुसरीकडे बघत फिरवली. इंजिन हिरवंगार आणि मुकं.

"मी ही रांग बघून येतो," साहेब म्हणाले. "तोवर झालं तर ठीक. नाहीतर लिहावं लागेल."

दाजींनी ताईंकडे पाहिलं. ताई काही म्हणत नव्हत्या. सुरुवात झाली होती तर! त्या इंजिनाकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अहो, याला तुम्ही आतूनही रंग दिलात?"

"म्हणजे काय! आतून, बाहेरून, खालून. एक जागा सोडली नाही."

"तारांच्या खालीही?"

"दोन हात," दाजी म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता.

"आपली स्वयंपाकघरातली खिडकी का उघडत नाही?"

"आता खिडकीचं काय मध्येच? तिच्या फटीत रंग..."

दाजी थांबले. बॅटरीतून निघालेली वीज मोटार फिरवून परत यायची ती इंजिनाच्याच अंगातून. लोखंडातून जायचं आणि त्या जाड्या तारेने घरी पोचायचं. आणि त्या तारेच्या आणि लोखंडाच्या मधोमध दाजींनी स्वतःच्या हाताने, मन लावून, दोन हात देऊन दार लावून घेतलं होतं. आधी बोल्टच्या आट्यांमधून चोरवाटेने थोडी वीज येत होती, तेवढ्यावर बोट 'टक्' म्हणत होती. स्टार्टर रंगवून त्यांनी तीही वाट बुजवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळशाला रंगही यांनीच दिलेला!

ताईंनी डब्याच्या पिशवीतून फळं कापायला आणलेली सुरी काढली. तीच, वाकड्या टोकाची. "सोडवा तार," त्या म्हणाल्या.

दाजींनी तार सोडवली. ताईंनी ज्या हाताने इतकी वर्षं खिडकी सोडवली, त्याच हाताने खरवडायला सुरुवात केली. हिरव्याचे पापुद्रे निघाले आणि खालून नाण्याएवढं लोखंड चमकलं. मग दाजींनी स्टार्टर काढला आणि त्याचं तोंड खरवडलं, इंजिनाची टेकण्याची जागा खरवडली. रंग काढण्याचं काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच साल काढल्यासारखं वाटत होतं. साहेब रांगेच्या टोकावरून परत फिरले, तेव्हा शेवटचा बोल्ट आवळला जात होता.

किल्ली ताईंनीच फिरवली.

इंजिन गरगरलं, खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडू लागलं. पाण्यातल्या छोटूने गाणी बंद केली. तो आवाज त्याच्याही लहानपणातला होता.

"चालू आहे, मान्य," साहेब म्हणाले. "पण ही बोट कोणती? नंबर कुठे आहे हिचा?"

दाजींनी बोटीच्या नाकाकडे पाहिलं. नाक स्वच्छ, सलग, सुंदर हिरवं होतं. सुरी पुन्हा निघाली. एकेक आकडा उजेडात येत गेला आणि कारकून तो मोठ्याने वाचत गेला.

साहेब बोटीत उतरले. "चला, एक फेरी," म्हणाले आणि ऐसपैस बाकावर बसले.

बाकावर!

बोट निघाली. सुकाणू ताईंच्या हाती होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर फ्रॉक घालणाऱ्या मुलीचं हसू होतं. दाजींना मात्र तलाव दिसत नव्हता, फक्त साहेबांची राखी पँट दिसत होती. धक्क्यावर परत येताच साहेबांनी पेन काढलं. सही व्हायला एका क्षणाचा अवकाश होता. गप्प बसावं. खात्यात असते तर गप्पच बसले असते. पण ज्या माणसाने आत्ताच आयुष्यभराचा रंग खरवडला, त्याला खोटं झाकायला दुसरा रंग कुठून मिळणार?

"साहेब," दाजी म्हणाले, "उठू नका. बाक... बाक ओला आहे. मीच काल संध्याकाळी..."

कारकुनाने डोळे मिटले. कॅप्टनने टोपी काढली.

"ही या महिन्यातली तिसरी पँट," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जुना थकवा होता. "मी जातो तिथे सगळं ओलं असतं हो. जिन्याचा कठडा, खुर्ची, दाराची कडी. वाळलेलं जग कसं असतं, ते मला बघायलाच मिळत नाही. आजवर कोणी उठायच्या आधी सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिलेच." आणि त्यांनी बसल्या बसल्या सही केली.

साहेब बाकावरून सुटताना 'चर्र' असा आवाज झाला. त्यांच्या मागे एक हिरवा चौकोन होता, दाजींच्या नजरेला अगदी एकसारख्या जाडीचा.

छोटू आपली बोट धक्क्याच्या कडेला बांधून घुटमळत उभा राहिला. "ताई, मला एक फेरी देतेस?"

"ये. टेप तिथेच ठेव. आणि उभाच राहा."

त्या दिवशी घरी आल्यावर ताईंनी स्वयंपाकघरात सुरी दाजींच्या हातात दिली आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. दाजींनी बराच वेळ खिडकीच्या कडा खरवडल्या. मग एका बोटाने ढकललं आणि खिडकी न कुरकुरता, सताड उघडली. पडदा उडाला. ताईंनी मान मागे टाकून तो वारा तोंडावर घेतला.

दाजी मागे सरून खिडकीच्या खरवडलेल्या, ओबडधोबड कडा न्याहाळू लागले. "अगं," ते म्हणाले, "फक्त कडेने एक पातळसा..."

ताई काही म्हणाल्या नाहीत.

दाजींनी रंगाच्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.